पहाटे पाचचा प्रकल्प: सुदामा नगर, इंदूर (जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदी)

१ जानेवारी

आधी हे कशासाठी ते सांगते. मी घरून अकाउंट्सचं काम करते, सियागंजमधले किराणावाले आणि कपडा मार्केटमधले छोटे व्यापारी, त्यांची जीएसटीची रिटर्न. खरेदीचं रजिस्टर आणि पोर्टलवरचं टू-बी (मालवाल्यांनी तिकडून भरलेल्या बिलांची यादी) जुळवायचं काम अजून डोळ्यांनी करते, एका स्क्रीनवर हे, दुसऱ्यावर ते, आणि पेन घेऊन टिका मारत बसायचं. एक्सेलमधे पॉवर क्वेरी म्हणून प्रकार आहे, त्याने हे भराभर होतं हे कधीपासून ऐकून आहे, पण शिकायचं कधी? तर भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. पहाटे पाचला उठा, जग झोपलेलं असतं, दोन तास फक्त तुमचे.

प्लॅन: ध्यान २० मिनिटं, योगासनं ३०, डायरी १०, वाचन ३०, पॉवर क्वेरी ३०. बरोबर १२० मिनिटं. लिहून झाल्यावर नवऱ्याने बघितलं आणि विचारलं, यात संडासला कधी जायचं? तेवढं सोडून सगळं बसलं होतं.

खर्च आजपर्यंत: योगा मॅट ५९९, वर्षाचा प्लॅनर ६४९, हळूहळू उजळत जाणारा 'सूर्योदय' दिवा १,८५०. पॉवर क्वेरीचा कोर्स आधीच घेऊन ठेवलेला, ४९९.

२ जानेवारी

पाचला उठले. दिवा चांगला आहे, खरंच हळूहळू उजळतो. पाच-दहाला मॅटवर बसले. साडेपाचला नर्मदा आली.

इंदूरबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आमच्या गल्लीत पहाटे. तिकडे सत्तर किलोमीटरवर जलूदहून उपसून आणतात, तेव्हा ते आपल्या ध्यानाची वाट बघत थांबणार नाही. हौद भरायचा, मग मोटर लावून वरची टाकी, प्यायचं वेगळं भरायचं, आणि मधेच प्रेशर गेलं की पाइप हलवून बघायचा. आतापर्यंत हे सासूबाई करायच्या. आज मी उठलेलीच होते.

सहाला नवऱ्याचा डबा (त्याची पिथमपूरची बस सव्वासहाला नाक्यावर), सहा-पन्नासला मुलीची व्हॅन. पॉवर क्वेरी शून्य मिनिटं.

३ जानेवारी

आज पाणी नाही, म्हणजे आज व्हायला हवं होतं. मॅट हॉलमधे टाकली. सासूबाई साडेचारला उठतात, आयुष्यभर उठत आल्यात, आणि पाच ते सहा हॉल त्यांचा असतो हे मला या घरात इतकी वर्षं राहून माहीतच नव्हतं, कारण त्या वेळी मी झोपलेली असायचे. त्या खुर्ची खिडकीशी ओढून, शाल घेऊन, हलक्या आवाजात स्तोत्रं म्हणतात. मी मधोमध मॅटवर. दोघी अवघडलो. शेवटी त्या म्हणाल्या, "अगं, उठलीच आहेस तर चहा टाक ना दोघींचा."

टाकला. चहा प्यायलो. छान गप्पा झाल्या, त्यांच्या माहेरच्या ग्वाल्हेरच्या थंडीच्या, पण ते प्लॅनमधे नव्हतं.

५ जानेवारी

"उठलीच आहेस तर" याची यादी करायला घेतली प्लॅनरच्या मागच्या पानावर. चहा. दुधाची पिशवी आत घे. माझा शर्ट जरा प्रेस करशील? (नवरा.) आई माझं प्रोजेक्टचं चिकटवायचं राहिलंय. (मुलगी, जी एरवी सव्वासहाला हलवून हलवून उठते ती आज पावणेसहाला स्वतःहून उठली कारण स्वयंपाकघरात दिवा दिसला.) त्या व्हिडिओत सांगतात की तुम्ही लवकर उठलात की जग झोपलेलं असतं. आमच्याकडे मी उठले की जग उठतं.

ॲपलचा टिम कुक म्हणे पहाटे चारच्या आसपास उठतो आणि ईमेल वाचतो. असेल. त्याच्या गल्लीत पाणी किती वाजता येतं आणि डबा कोण भरतं, तेही कुणीतरी छापायला पाहिजे.

७ जानेवारी

टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) भरायची सात तारीख. रात्री साडेअकरापर्यंत चालू होतं. याचं कारण काम जास्त असं नाही, कारण व्यापारी. दुकान नऊला वाढवतात, घरी जाऊन जेवतात, आणि दहानंतर निवांत झाले की फोनवर बिलांचे फोटो पाठवायला लागतात. तिरपे, अंगठा आलेला, अर्धं बिल कापलेलं. "दीदी, सब भेज दिया है, देख लेना।" देख लेना म्हणजे आत्ताच.

पाचला उठायचं तर दहाला झोपायला हवं, मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते हे काही मी शोधून काढलेलं नाही. पण दहाला माझी गिऱ्हाइकं जागी होतात. हा हिशोब १ तारखेला कागदावर मांडायला हवा होता.

९ जानेवारी

दिव्याबद्दल, कारण कुणी घेणार असेल तर. दिवा पाचला पूर्ण उजळतो, बाहेर मिट्ट काळोख. म्हणून बघितलं तर या दिवसात इंदूरला सूर्य सातच्या पुढे उगवतो, सात-नऊ, सात-दहा असा. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे साधारण सव्वीस मिनिटं सूर्याच्या पुढेच धावतो. कोलकात्यात याच दिवसात सव्वासहाच्या सुमारास उजाडतं. म्हणजे "पाच वाजता उठा" हे तिकडच्या माणसाला सव्वा तास आधी, आणि आम्हाला दोन तास आधी. घड्याळ तेच, अंधार वेगळा. थंडीही वेगळी. दिव्याने खोली उजळते, गोधडी काही ढिली होत नाही.

११ जानेवारी

आज आर-वनची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख. काल रात्री एक वाजला, आणि तरी हट्टाने पाचला उठले कारण रोजची साखळी तुटू द्यायची नाही असं सवयी लावायच्या ॲपमधे लिहिलेलं असतं (ॲप फुकट म्हणून घेतलं, आता १४९ कापून घेतलेत, ऑटोपे बंद करायला विसरले होते).

दुपारी कपडा मार्केटच्या एका पार्टीचं रिटर्न करताना एकूण बेरीज जुळेना. टॅक्सचा आकडा बरोबर, पण रकाने चुकीचे. पुन्हा पुन्हा बघितलं, दिसेना. मग एकेक बिल उघडलं. सुरतेच्या पार्टीचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होतो, २४ म्हणजे गुजरात, म्हणजे आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) लागायला हवा, आणि मी आपलं २३ समजून, म्हणजे मध्य प्रदेश समजून, सीजीएसटी-एसजीएसटीत (राज्यातल्या राज्यात लागतो तो) अर्धं-अर्धं वाटून मोकळी. एक नाही, त्या पार्टीची सगळी बिलं. हे मी झोपेतही चुकत नाही असं म्हणत आले. झोप नसताना चुकले.

फाइल करायच्या आधी सापडलं म्हणून वाचलं. एकदा फाइल झालं असतं तर दुरुस्तीचं लफडं, आणि तोवर समोरच्याच्या टू-बीत चुकीचा टॅक्स दिसला असता आणि तो त्याच्या सीएला फोन करून माझ्या नावाने शंख करत बसला असता. सगळं दुरुस्त करायला पावणेदोन तास गेले. पहाटेचे ध्यानाचे वीस मिनिट वजा केले तरी तोटाच.

निर्णय: रिटर्नच्या तारखांच्या आसपास पाचला उठणं बंद. साखळी गेली खड्ड्यात.

१४ जानेवारी

संक्रांत, आणि आजच टू-बी येतं पोर्टलवर. तिळगूळ एका हातात आणि माऊस दुसऱ्या हातात. काल तिमाहीवाल्यांचं आर-वन होतं, १८ ला कंपोझिशनवाल्यांचं (ठरावीक टक्क्याने कर भरणारे छोटे व्यापारी), २० ला थ्री-बी (कर भरायचं रिटर्न), २२ ला तिमाहीवाल्यांचं थ्री-बी (मध्य प्रदेशला २२, काही राज्यांना २४). जानेवारीत हे सगळं एकावर एक येतं कारण तिमाही संपलेली असते. नवीन सवय लावायला वर्षातला सगळ्यात वाईट महिना निवडलाय मी, आणि तो का, तर कॅलेंडरचं पहिलं पान.

१५ जानेवारी

थंडीमुळे शाळांची वेळ पुढे गेली, कलेक्टरांचा आदेश आला, शाळा नऊला. व्हॅन साडेआठला.

१७ जानेवारी

जमलं! मुलगी साडेसातपर्यंत झोपली, नवरा सव्वासहाला गेला, त्यानंतर सलग एक तास माझा. पॉवर क्वेरीचे पहिले धडे झाले. फाइल आत घ्यायची, रिकाम्या ओळी काढायच्या, रकान्यांची नावं सारखी करायची. सासूबाईंशी तह झालाय: हॉल त्यांचा, मी बेडरूममधे, चहा आलटून-पालटून. भाच्याला कळवलं. तो म्हणाला, बघ मावशी, म्हटलं होतं ना, आता एकवीस दिवस असंच कर, सवय लागते.

हे एकवीस दिवसांचं प्रकरण मग शोधून वाचलं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होता, त्याने १९६० मधे लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात. नाकाचं ऑपरेशन. पुढे लोकांनी "कमीत कमी" गाळलं आणि नाकही गाळलं. लंडनच्या फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी नंतर ९६ लोकांवर बघितलं, जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, जेवणाआधी पंधरा मिनिटं पळणं, असल्या एकेकट्या छोट्या सवयी. तर त्याला १८ पासून २५४ दिवसांपर्यंत काहीही लागलं, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही निघालं. १४९ रुपये घेणाऱ्या ॲपला हे शेवटचं कुणीतरी सांगा.

आणि ते एका सवयीचं आहे हो. मी एकदम पाच घेऊन बसले होते.

२१ जानेवारी

काल थ्री-बी. ओटीपी व्यापाऱ्याच्या फोनवर जातो आणि व्यापारी लग्नात नाचत होता, रात्री पावणेबाराला ओटीपी मिळाला, तोही आधीचा, तो चालला नाही, मग परत फोन. आज आठला उठले, कुणाला काही वाटलं नाही.

२४ जानेवारी

शाळा परत जुन्या वेळेवर. सहा-पन्नासची व्हॅन. एका सकाळीत सगळं होतं तिथे आलं. म्हणजे त्या आठवड्यात मी बदललेच नव्हते, शाळेची वेळ बदलली होती. ज्यांना जमतं त्यांच्या घरी सहा-पन्नासची व्हॅन नसते, किंवा असते आणि ती सांभाळणारं दुसरं कुणीतरी असतं. त्या दुसऱ्या माणसाचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

त्यात काल रात्री पुण्याहून नणंद आणि तिची मुलं आली. इंदूरला येऊन दहाला झोपणार का कुणी? साडेदहाला सराफ्यात. दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावरच तिथे खाऊची दुकानं लागतात, त्यामुळे लवकर जाऊन लवकर परत हा पर्यायच नाही. गराडू (तळलेला कंद) फक्त थंडीत मिळतो, तोही गरम, जिरावण मसाला भुरभुरलेला, लिंबू पिळलेला, सोडवतो का? भुट्ट्याचा कीस, मग जिलबी. घरी यायला एक. ज्या गावचा खाऊबाजार रात्री दहाला उघडतो त्या गावात राहून पहाटे पाचचा प्रकल्प घेतला, शाबास.

२७ जानेवारी

आज नवीन काही केलं नाही, फक्त बसून बघितलं की दिवसात कोण कधी काय मागतं. वहीत जे निघालं ते असं: साडेपाच ते सात पाणी (एक दिवसाआड), डबा, व्हॅन. साडेसातच्या सुमारास कचरागाडी, आणि इंदुरात कचरा म्हणजे उचलून टाकला असं नसतं, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक, ई-कचरा, सहा प्रकार, चुकीचा डबा पुढे केला की गाडीवरचा माणूस तिथेच परत करतो. मग आंघोळ, पूजा, भांडीवाली बाई. सव्वानऊला घर शांत होतं. सासूबाई पेपर घेऊन बसतात. बाजार साडेदहा-अकराच्या पुढे उघडतो, दुकानदार झाडलोट करून, अगरबत्ती लावून, गल्ल्यावर बसून मला पहिला फोन करतो तोवर साडेअकरा.

साडेनऊ ते साडेअकरा. रोज. माझ्या नाकासमोर. आणि त्या वेळात मी काय करत होते? गिऱ्हाइकांचं काम. कारण ती "ऑफिसची वेळ", आणि शिकणं म्हणजे माझं खाजगी, ते आपल्या झोपेतून काढायचं, असं मीच ठरवून टाकलेलं. पॉवर क्वेरी कुणासाठी शिकत होते? गिऱ्हाइकांच्याच कामासाठी ना? मग ती माझ्या झोपेतून का?

२८ जानेवारी

नवीन मांडणी. ध्यान काढलं, डायरी काढली, वाचन रात्री अंथरुणात जेवढं होईल तेवढं. योगासनांऐवजी संध्याकाळी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत चालत जाऊन यायचं, सासूबाईही येतात, त्यांना बरं वाटतं आणि मॅट लागत नाही. उरलं एकच, पॉवर क्वेरी. साडेनऊला, एक तास, फोन बेडरूममधे उशीखाली.

आणि रोज नाही. महिन्याच्या २३ तारखेपासून पुढच्या ६ पर्यंत. सात ते बावीस ही रिटर्नची, तेव्हा काही शिकायचं नाही, झोपायचं आणि फाइल करायचं. "रोज" हाच शब्द कुणा पगारदाराने काढला असावा. माझं काम महिन्याने फिरतं, पाणी एक दिवसाआड, शाळा थंडीवर. (या महिन्यात ३१ ला टीडीएसचं रिटर्न आहे, तो दिवस वजा.)

४ फेब्रुवारी

चाललंय. मर्ज करायला शिकले, म्हणजे दोन याद्या एका खुणेवर जोडायच्या. अडकले ते बिल नंबरवर. पोर्टलवर "००४५", रजिस्टरमधे "४५". पार्टी लिहिते "एस/४५/२५-२६", दुकानातल्या मुलाने टाइप केलं "एस-४५". माणसाच्या डोळ्याला ते एकच, कॉम्प्युटरला चार वेगळी बिलं. कोर्समधे याबद्दल चकार शब्द नाही, त्यांची उदाहरणं सगळी स्वच्छ धुतलेली. शेवटी असं केलं: नंबरातून आधी वर्षाची शेपटी (२५-२६) आणि पुढची अक्षरं, मग रेघा, तिरप्या काड्या, मोकळ्या जागा काढून टाकायच्या, पुढचे शून्य उडवायचे, आणि नुसत्या बिल नंबरावर नाही तर जीएसटी नंबर अधिक बिल नंबर अशी जोडखूण करायची. रक्कम खुणेत घ्यायची नाही, रुपया-दोन रुपयांच्या राउंड ऑफमुळे मार खातो. रक्कम नंतर वेगळ्या रकान्यात वजा करून बघायची. हे कुणी करत असाल तर माझा या एकाच गोष्टीत सगळ्यात जास्त वेळ गेला, तुमचा वाचू दे.

सासूबाईंनी दोनदा बोलावलं तेवढ्यात, एकदा कोथिंबिरीवाला आला म्हणून. आता दाराला बाहेरून ओढणी बांधते. ओढणी असली की मी ऑफिसला गेलेली. हा नियम मुलीने काढला आणि सासूबाई पाळतात, माझ्या तोंडी सांगण्यापेक्षा जास्त पाळतात.

१४ फेब्रुवारी

टू-बी आलं. महिन्याने भरणाऱ्यांचंच आहे या वेळी, तिमाहीवाल्यांना थ्री-बी नाही, म्हणून परीक्षेला महिना सोपा होता हे आधीच कबूल. सियागंजच्या मोठ्या किराणावाल्याचं घेतलं. ज्याला पूर्वी अख्खी रात्र जायची ते चहा गार व्हायच्या आत समोर. हिरवी जुळलेली, पिवळी रकमेत फरक, लाल न सापडलेली. लालमधलं एक तर असं निघालं की मालवाल्याने याचं बिल चुकून दुसऱ्याच दुकानाच्या नंबरावर टाकलंय. हे मला डोळ्यांनी दिसलं नसतं. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "दीदी, इतनी सुबह?" साडेदहा वाजले होते.

फोटोवाली बिलं मात्र अजून हाताने टाइप करावी लागतात. त्याला पॉवर क्वेरी काही करत नाही. त्याच्यासाठी व्यापाऱ्यांना सांगितलंय की दहानंतर आलेलं बिल दुसऱ्या दिवशी साडेअकराला उघडेन. दोघं रुसले. एक म्हणाला दुसरा कुणी बघतो. बघू दे.

२० फेब्रुवारी

थ्री-बी संध्याकाळी सातपर्यंत सगळी गेली, एक सोडून, तो परत लग्नात आहे, ओटीपीची वाट बघतेय.

हिशोब: मॅट, प्लॅनर, दिवा, कोर्स, ॲप मिळून ३,७४६. उपयोगी पडला तो ४९९ चा कोर्स. मॅट मुलीने शाळेच्या योगासाठी नेली. प्लॅनरच्या मागच्या पानांवर "उठलीच आहेस तर"ची यादी वाढतेय, ती आता नवऱ्यालाही भरायला दिलीय, रविवारची शर्ट प्रेस त्याच्याकडे गेली आणि पाण्याची वरची टाकी पण.

मार्चमधे ३१ तारीख, म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवट आहे, एप्रिलमधे मुलीची शाळा नव्या वेळेला, तेव्हा साडेनऊचं काय होतं ते तेव्हा लिहीन. सूर्योदय दिवा विकायचाय, जवळजवळ नवा, बिलासकट, १,१०० ला देईन. सुदामा नगरात येऊन घेऊन जा. फक्त सकाळी अकराच्या आत नको.